चालण्याची शरीरस्थिती

चालताना डोके, धड, श्रोणी व पाय यांचा परस्परांशी साधला जाणारा तोल. चालीच्या एका आवर्तनात प्रत्येक पाऊल सु. ६०% काळ जमिनीवर व ४०% काळ अधांतरी असते; या काळात शरीराचा गुरुत्वमध्य सु. ५ सेंमी. वरखाली होतो. डोके पुढे झुकले, की मान व पाठ यांच्या स्नायूंवर ताण पडतो. तथापि छाती काढून ताठ चालणे हीच उत्तम ढब, हा समज चुकीचा आहे. त्यामुळे कमरेची वक्रता वाढते व श्वास आखडतो. मान सरळ, खांदे सैल, हात विरुद्ध पायाबरोबर झुलते आणि पाऊल टाचेकडून अंगठ्याकडे टेकत जाणारे, एवढे पुरेसे असते.

पादत्राणाचाही चालीवर परिणाम होतो. कोल्हापुरी चपलेचा तळ सपाट असतो; टाचेमागे पट्टा नसल्याने ती सैल झाली, की बोटे आवळून धरावी लागते व पाऊल आखूड पडते. पन्हाळा ते पावनखिंड या वाटेवरील पदयात्रींनी चढताना कमरेत न वाकता घोट्यापासून झुकावे. उतरताना गुडघे किंचित वाकवावेत.

शरीरास फार पीडा न देणारे चंक्रमण सुश्रुतसंहितेत आयुष्य, बल व मेधा वाढविणारे मानले आहे. बौद्ध साधनेत चंक्रमण करताना उचललेल्या व टेकलेल्या पावलावर चित्त ठेवतात. ढब शिकतानाही हीच रीत उपयोगी पडते. रंकाळ्याच्या काठासारख्या सपाट वाटेवर प्रथम टाचेकडे, काही दिवसांनी खांद्यांकडे लक्ष द्यावे. सर्व अवयवांकडे एकदम लक्ष दिल्यास चाल ताठरते.