विश्लेषण : पुरुषाच्या गळ्यातून ‘ऑल्टो’ आवाज कसा निघतो? बेजुन मेहता यांची कारकीर्द काय सांगते?

रंगमंचावर सेनापती येतो. दाढी, चिलखत, कमरेला तलवार. तो तोंड उघडतो आणि आवाज येतो बाईच्या पट्टीतला. मोबाइलवर अशी चित्रफीत पहिल्यांदा समोर आली, की बहुतेकांना आधी हसू येते किंवा कुणी तरी आवाज बदलून टाकला आहे असे वाटते. पण त्यात कोणतीही करामत नसते. पाश्चात्त्य अभिजात संगीतात या पुरुष ऑल्टो गायकांना ‘काउंटरटेनर’ म्हणतात आणि युरोप-अमेरिकेतील मोठ्या ऑपेरागृहांत आज ते नायकाच्या भूमिका करतात. त्यांतले एक ठळक नाव म्हणजे बेजुन मेहता. अमेरिकेत जन्मलेले, वडिलांकडून पारशी आणि मुंबईत जन्मलेले विख्यात संगीत संचालक झुबिन मेहता यांचे दूरचे नातलग. एकदा गमावलेला आवाज त्यांना दुसऱ्यांदा कसा सापडला, हे पाहिले की या प्रकाराविषयीचे बरेच प्रश्न सुटतात.

हा आवाज येतो कुठून?

आपल्याकडे पुरुष गायक साधारणपणे काळी एक किंवा तिच्या आसपास षड्ज धरतात, तर स्त्रिया काळी चार-पाचमध्ये गातात. काउंटरटेनरचा वावर या दुसऱ्या प्रदेशात असतो. बोलताना मात्र त्याचा आवाज चारचौघा पुरुषांसारखाच असतो, बऱ्याचदा खासा खर्जातला. नेहमीच्या आवाजात स्वरतंतू पूर्ण जाडीनिशी कंप पावतात. ते ताणून पातळ केले आणि फक्त त्यांच्या कडाच कंप पावू दिल्या, की वरचा, हलका आवाज निघतो. त्याला ‘फॉल्सेटो’ म्हणतात. ‘हाफ टिकट’ (१९६२) या चित्रपटात किशोरकुमार यांनी एकाच गाण्यात पुरुषाचा आणि बाईचा असे दोन्ही आवाज दिले होते, तेव्हा हे यंत्र आपल्याला अगदीच अनोळखी नाही. फॉल्सेटो या शब्दातच ‘खोटा’ हा अर्थ आहे आणि आपले गवईही ‘खोटा आवाज’ हे शब्द नाक मुरडूनच वापरतात. काउंटरटेनरची सगळी मेहनत या खोट्या आवाजाला खरा करण्यात जाते. त्याला भरीवपणा द्यायचा, खालच्या आवाजाशी त्याचा सांधा जुळवायचा आणि मायक्रोफोनशिवाय तो शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचा, ही वर्षानुवर्षांची साधना असते.

बालगायकाचे पुढे काय झाले?

बेजुन यांचा जन्म १९६८ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यात झाला. वडील दादी मेहता पियानोवादक. बेजुन लहानपणी ‘बॉय सोप्रानो’ म्हणून गाऊ लागले आणि गाजले. १९८३ मध्ये, चौदा-पंधराव्या वर्षी त्यांची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. त्यानंतर जे प्रत्येक मुलाचे होते तेच झाले. आवाज फुटला.

वयात येताना मुलाचे स्वरयंत्र मोठे होते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. इतर मुलांच्या दृष्टीने ही गमतीची गोष्ट असते. ज्याची ओळखच त्या आवाजाने झाली आहे, त्याच्या दृष्टीने मात्र पंधराव्या वर्षीच निवृत्ती. मेहता चेलो वाजवू लागले. येल विद्यापीठात त्यांनी जर्मन साहित्याचा अभ्यास केला. पुढे ते ध्वनिमुद्रणांचे निर्माते झाले. चेलोवादक यानोश श्टार्कर यांनी वाजवलेल्या बाखच्या चेलो सुइट्सच्या ज्या ध्वनिमुद्रणाला १९९८ मध्ये ग्रॅमी मिळाले, त्याचे निर्माते मेहता होते. मधल्या काळात त्यांनी बॅरिटोन, म्हणजे पुरुषांच्या मधल्या पट्टीतला गायक म्हणूनही प्रयत्न करून पाहिला. ते काही जमले नाही.

१९९७ मध्ये त्यांच्या वाचनात एका अमेरिकी काउंटरटेनरवरचा लेख आला. त्या माणसाची गोष्ट आपल्यासारखीच आहे, असे वाटून त्यांनी वरच्या आवाजात गाऊन पाहिले आणि दार उघडले. लगेच पुढच्या वर्षी, १९९८ मध्ये ते न्यूयॉर्क सिटी ऑपेरात हॅन्डेलच्या ‘पार्टेनोपे’मध्ये उभे होते. तेव्हा ते तिशीच्या उंबरठ्यावर होते.

मग मधली चौदा वर्षे वाया का गेली?

गळ्यापाशी याचे अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे इतिहासात सापडते. सतराव्या-अठराव्या शतकांतील ऑपेरात नायकाच्या भूमिका ‘कास्त्राती’ करीत. आवाज फुटू नये म्हणून बालपणीच ज्यांचे वृषण निकामी केले जात, असे हे गायक. रोममध्ये बायकांना रंगमंचावर गायला बंदी होती, चर्चमध्येही स्त्रीस्वर चालत नसे. उंच आवाजाची गरज मुलांच्या शरीरावर सुरी चालवून भागवली गेली. फारिनेल्ली, सेनेसिनो हे त्या काळचे जगप्रसिद्ध तारे. त्यांच्यामागे ज्यांचे नावही उरले नाही अशी असंख्य मुले होती, हे या संगीताचे कौतुक करताना विसरता येत नाही.

ही क्रूर प्रथा संपली आणि भूमिका पोरक्या झाल्या. १९२०च्या दशकात जर्मनीत हॅन्डेलचे ऑपेरा पुन्हा रंगमंचावर आले, तेव्हा सेनापतीने बाईसारखे गाणे कसे चालेल, म्हणून नायकाचे संगीत चक्क एक सप्तक खाली उतरवून खालच्या आवाजाच्या पुरुषांना दिले गेले. न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन ऑपेरा १८८३ मध्ये सुरू झाले. चाळीसहून अधिक ऑपेरा लिहिणाऱ्या हॅन्डेलची पहिली कलाकृती तिथे पोहोचली ती १९८४ मध्ये आणि त्यातल्या नायकाची भूमिकाही मेरिलिन हॉर्न या गायिकेने केली. किशोरवयीन मेहतांचा आवाज फुटला तो नेमका याच सुमारास. त्या वेळी अमेरिकेत एखाद्या मुलाने ‘मोठेपणी मी काउंटरटेनर होणार’ म्हटले असते, तर त्याला नोकरी कोण देणार होते?

इंग्लंडमध्ये चित्र थोडे वेगळे होते. तिथल्या कॅथेड्रलांच्या गायकवृंदात पुरुष ऑल्टोची परंपरा टिकून होती. कँटरबरी कॅथेड्रलमध्ये गाणारे आल्फ्रेड डेलर १९४६ मध्ये बीबीसीच्या नव्या ‘थर्ड प्रोग्राम’वरून ऐकू आले आणि १९६० मध्ये बेंजामिन ब्रिटन यांनी ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधील ओबेरॉनची भूमिका त्यांच्यासाठी लिहिली. १९८४ मध्ये फिलिप ग्लास यांच्या ‘आखनातेन’मध्ये इजिप्तचा राजा काउंटरटेनरच्या आवाजात गायला. १९९४ मध्ये ‘फारिनेल्ली’ हा चित्रपट आला. त्यात नायकाचा आवाज तयार करताना एका काउंटरटेनरचा आणि एका सोप्रानो गायिकेचा आवाज संगणकावर एकत्र केला होता. मेहतांनी १९९७ मध्ये वरच्या आवाजात गाऊन पाहिले, तोवर जग त्या आवाजाला सरावू लागले होते. त्यांचे श्रम आणि प्रतिभा त्यांचीच; पण आवाज होता आणि जागा नव्हती, ही अडचण त्यांच्याआधीच्या माणसांनी दूर केली होती.

काउंटरटेनर म्हणजे आजचा कास्त्रातो का?

नाही आणि हा गैरसमज चाहत्यांमध्येही आहे. कास्त्रातोचे स्वरयंत्र मुलाचे आणि छाती प्रौढ पुरुषाची असे. काउंटरटेनरचे शरीर पूर्ण वाढलेले असते, फरक असतो फक्त तंत्रात. खुद्द हॅन्डेल कास्त्रातो मिळाला नाही तर ती भूमिका बहुधा गायिकेला देत असे. त्यामुळे ‘काउंटरटेनरने गायले तेच अस्सल’ हा दावा फार ताणू नये. या भूमिकांसाठी मेझो-सोप्रानो गायिका आजही तेवढ्याच हक्काने उभ्या राहतात आणि अनेकदा त्या बाजीही मारतात.

मेहतांनी या स्पर्धेत आपले नाणे वाजवून दाखवले ते ‘ऑर्लान्डो’मध्ये. हॅन्डेलने १७३३ मध्ये सेनेसिनोसाठी लिहिलेली ही भूमिका. प्रेमात वेडा झालेला योद्धा. वेडाच्या प्रसंगात हॅन्डेल मध्येच पाच मात्रांत जातो. झपतालावर वाढलेल्या आपल्या कानांना त्यात विशेष वाटणार नाही, पण त्या काळच्या युरोपात ही लय म्हणजे पायाखालची जमीन सरकल्यासारखी होती. मेहतांनी २००७ मध्ये लंडनच्या रॉयल ऑपेरात हा ऑर्लान्डो केला. पुढे रेने जेकब्स यांच्या संचालनाखाली त्याचे ध्वनिमुद्रण झाले, ते २०१४ मध्ये आले. जेकब्स स्वतः पूर्वाश्रमीचे काउंटरटेनर. ग्लुकचा ‘ऑर्फेओ’ मेहतांनी चेक प्रजासत्ताकातील चेस्की क्रुमलोव्ह इथल्या जुन्या बरोक नाट्यगृहात चित्रित झालेल्या चित्रपटातही गायला. मेणबत्त्यांच्या उजेडाला साजेसे ते छोटे नाट्यगृह पाहिले, की हा आवाज मुळात किती जागेसाठी होता ते ध्यानात येते. तोच आवाज हजारो आसनांच्या आधुनिक सभागृहात मायक्रोफोनविना भरायचा, ही आजच्या काउंटरटेनरची खरी परीक्षा आहे.

जुन्या भूमिका संपल्या की काय?

बरोक काळातील भूमिका पुष्कळ असल्या तरी ते साठ्यातले धान्य आहे. मोत्झार्टच्या उत्तरकाळापासून पुढची दीडेकशे वर्षे काउंटरटेनरसाठी जवळजवळ कोरडी आहेत. व्हेर्दी, वाग्नर, पुच्चीनी यांच्या लोकप्रिय ऑपेरांत त्याला काम नाही. म्हणून आजच्या संगीतकाराने त्याच्यासाठी लिहिणे हा हौसेचा नाही, पोटापाण्याचा प्रश्न आहे. इथे मेहतांचे नशीब बलवत्तर. जॉर्ज बेंजामिन यांनी ‘रिटन ऑन स्किन’ लिहिताना त्यांचा आवाज डोळ्यांसमोर ठेवला. मार्टिन क्रिम्प यांची संहिता, श्रीमंत जमीनदार, त्याची बायको आणि हस्तलिखित रंगवायला घरी आलेला तरुण. हा तरुण म्हणजे मेहता. ७ जुलै २०१२ रोजी फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हान्स महोत्सवात प्रयोग झाला आणि ऑपेरा पुढे देशोदेशी गेला. वाद्यवृंद मोठा, तरी बेंजामिन यांनी त्यात काचेचा हार्मोनिका आणि व्हायोल अशी नाजूक वाद्ये वापरली आणि गायकाच्या स्वराभोवती मोकळी जागा ठेवली. तिथे उंच पुरुषस्वर विचित्र वाटत नाही. घरात शिरलेला परका माणूस असाच गाणार, असे वाटते. बेंजामिन यांनी २०१५ मध्ये मेहतांसाठीच ‘ड्रीम ऑफ द साँग’ लिहिले आणि अॅमस्टरडॅममध्ये ते प्रथम सादर झाले.

एका गळ्यासाठी शिवलेला अंगरखा दुसऱ्याला बसेल का, ही शंका होती. २०१५ मध्ये न्यूयॉर्कला टिम मीड यांनी, तर २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल ऑपेरात येस्टिन डेव्हिस यांनी ‘रिटन ऑन स्किन’मधील हीच भूमिका केली. दोघेही काउंटरटेनर आणि दोघेही मेहतांपेक्षा वयाने लहान.