सारंग की कुरंग?

आजचा शब्द आहे ‘सारंग’. हा शब्द ऐकला की कुणाला राग आठवतो, कुणाला ओळखीतला एखादा मुलगा. चेन्नईत आयआयटी मद्रासच्या विद्यार्थ्यांना त्यांचा सांस्कृतिक महोत्सव आठवेल, कारण त्याचं नावच ‘सारंग’ आहे. संस्कृतात या शब्दाला पुष्कळ अर्थ आहेत: ठिपकेदार, मोर, चातक, हरीण. आज आपण हरणाचा अर्थ घेऊ.

आयआयटीचं आवार गिंडी राष्ट्रीय उद्यानाला लागूनच आहे. तिथे चितळही दिसतात आणि काळवीटही. आपण दोघांना हरीणच म्हणतो आणि दोघांच्या डोक्यावर ‘शिंगं’च बघतो. तमिळमध्येही दोन्हींना ‘कोंबु’च म्हणतात, गंमत म्हणजे या शब्दाचा एक अर्थ ‘फांदी’ असाही आहे.

आता फरक बघा. नर चितळाचं शिंग भरीव हाडाचं असतं. त्याला फाटे फुटतात. वाढताना त्यावर मखमली कातडी असते, आणि ते दरवर्षी गळून नवं येतं. काळविटाचं शिंग पिळदार, बिनफाट्याचं असतं. आत हाड, वर आपल्या नखांसारख्या द्रव्याचं आवरण. ते जन्मभर टिकतं.

म्हणून मराठीत पहिल्या गटाला ‘सारंग हरीण’ आणि दुसऱ्याला ‘कुरंग हरीण’ म्हणतात. चितळ, सांबर, भेकर, बारशिंगा हे सारंग. काळवीट, चिंकारा, नीलगाय, चौशिंगा हे कुरंग. बारशिंगा आणि चौशिंगा नावांनी भाऊ वाटतात, पण गट वेगळे! नावातला आकडा सोडा, शिंगाला फाटे आहेत का ते बघा.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. शिंग आपोआप गळतं, मग उचलून दिवाणखान्यात टांगलं तर काय बिघडलं, असं अनेकांना वाटतं. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या ‘ट्रॉफी’च्या व्याख्येत भरीव आणि पोकळ, दोन्ही प्रकारच्या शिंगांचा वेगवेगळा उल्लेख आहे. पडलेलं शिंगही घरी आणता येत नाही. शिवाय जंगलात ते वाया जात नाही. साळिंदर ते कुरतडतं आणि त्यातलं कॅल्शियम मिळवतं.

तेव्हा सारंगाचं शिंग दिसलं, तर डोळे भरून बघा आणि तिथेच राहू द्या. भेटू पुढच्या शब्दासोबत.