वॉर्डातलं भांडण आणि वॉर्डाचा हिशेब

रात्रीचे अडीच वाजले होते. पावसाळ्याची अखेर, डेंगीचा हंगाम. आमच्या पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात चाळीस खाटा आणि साठच्या वर रुग्ण. उरलेले जमिनीवर गाद्या टाकून. एका तरुणाचा रक्तदाब घसरू लागला होता. त्याच्या हातातली सलाईनची सुई निघाली होती आणि नवी लावायला हव्या त्या मापाची कॅन्युला वॉर्डात नव्हती. निवासी डॉक्टर सिस्टरवर ओरडला. सिस्टरनं शेजारच्या वॉर्डात मामांना पिटाळलं. मामा रिकाम्या हातांनी परत आले. "त्या सिस्टर म्हणतात, मागच्या महिन्यात नेलेल्या वीस अजून आल्या नाहीत. आधी त्या द्या." शेवटी अपघात विभागातून कॅन्युला आली. मधली पंधरा-वीस मिनिटं वाया गेली. तरुण वाचला, हे नशीब.

सकाळच्या राउंडला गाऱ्हाणी माझ्यासमोर आली. मी इन्चार्ज सिस्टरना सगळ्यांदेखत सुनावलं. त्या काही बोलल्या नाहीत. राउंड संपल्यावर त्यांनी इंडेंटची, म्हणजे स्टोअरकडे करायच्या मागणीची वही माझ्या टेबलावर आणून ठेवली. सहा आठवड्यांत तीनदा कॅन्युला मागितल्या होत्या. तिन्ही वेळा समोर स्टोअरचा शेरा होता, 'शिल्लक नाही'. तिसऱ्या इंडेंटखाली माझी सही होती. मी ती न वाचता केली होती.

या गोष्टीला पंधरा-सोळा वर्षं झाली. त्या वहीनं मला जे शिकवलं ते वैद्यकाच्या कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं. वॉर्डात होणारी बहुतेक भांडणं स्वभावाची नसतात, तुटवड्याची असतात. कधी वस्तूंचा, कधी माणसांचा, कधी रजेचा. आणि तुटवड्यातलं सगळं नशिबानं आलेलं नसतं. बराचसा चुकलेल्या हिशेबातून आलेला असतो.

चाव्यांचा जुडगा

सरकारी रुग्णालयात वॉर्डाची प्रमुख असते ती परिसेविका. रुग्ण आणि डॉक्टर तिला इन्चार्ज सिस्टर म्हणतात. औषधं, सलाईन, सिरिंज, चादरी, रक्तदाबाचं यंत्र, ऑक्सिजनचे फ्लोमीटर या सगळ्याचा हिशेब तिच्याकडे. कोणाला सकाळ, कोणाला रात्र, कोणाला सुट्टी हे ठरवणं तिच्याकडे. डॉक्टर, नातेवाईक, सफाई कर्मचारी, स्टोअर आणि मेट्रन यांच्यामधला निरोप्याही तीच. परिचर्येच्या अभ्यासक्रमात व्यवस्थापनाचा विषय असतो, पण तो शिकून आणि इन्चार्ज होऊन यात पुष्कळ वर्षांचं अंतर पडतं. पदोन्नतीच्या दिवशी हाती येतो तो चाव्यांचा जुडगा. हिशेब कसा मांडायचा आणि भांडण कसं मिटवायचं, हे जिचं तिनं शिकायचं.

हे काम दुय्यम नाही, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं फार पूर्वी ओळखलं होतं. तिच्या हातातला दिवा आपल्याला आठवतो, तिची वही आठवत नाही. १८५४ साली ३८ परिचारिका घेऊन ती स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचली, तेव्हा सैनिक जखमांपेक्षा आजारांनीच अधिक मरत होते. सामान काही वेळा कोठारात येऊन पडलेलं असे. पण ठरलेल्या मंजुरीशिवाय ते बाहेर काढता येत नसे. ब्रिटनमध्ये जमलेल्या मदतनिधीतून तिनं बाजारातून खरेदी केली, नोंदी ठेवल्या, अधिकाऱ्यांशी वाद घातले. पुढे तिनं परिचर्येवर पुस्तक लिहिलं, त्यात एक संपूर्ण प्रकरण किरकोळ वाटणाऱ्या व्यवस्थापनावर आहे. आपण हजर नसतानाही काम नीट व्हावं अशी तजवीज करणं, हा त्याचा गाभा.

चोरकप्पा कसा तयार होतो

त्या कॅन्युलाकडे परत येऊ. शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टर निर्दय नव्हत्या. त्यांच्याकडेही रुग्ण होते आणि उसनं दिलेलं परत येत नाही हा त्यांचा अनुभव होता. मेट्रनच्या परवानगीनं आम्ही मजल्यावरच्या पाचही वॉर्डांची कपाटं एका दुपारी उघडली. त्या रात्री जी कॅन्युला आमच्याकडे नव्हती, तिचे दोन खोके एका वॉर्डात जुन्या चादरींच्या मागे निघाले. दुसरीकडे सलाईनचे सेट होते, त्यांतले काही मुदत उलटलेले. आमच्याही वॉर्डात लघवीच्या पिशव्यांचा गठ्ठा सापडला. शेजारच्या वॉर्डात त्या महिनाभर नव्हत्या.

हे चोरीसाठी लपवलेलं नव्हतं. भीतीपोटी साठवलेलं होतं. मागितलेलं मिळत नाही म्हणून प्रत्येक वॉर्ड दुप्पट मागतो. सगळे दुप्पट मागतात म्हणून स्टोअर सगळ्यांचंच निम्मं कापतं. कापलं जातं म्हणून मिळेल ते लपवलं जातं. लपवलेलं मुदतबाह्य होतं आणि गरज असलेल्या खाटेपाशी 'शिल्लक नाही' हे उत्तर मिळतं. मग रात्री दोन सिस्टर एकमेकींशी भांडतात. या चक्रात दुष्ट कोणीच नसतं.

दुसरा घोळ आकडेमोडीचा. समजा, एका वॉर्डात वर्षात १,८०० कॅन्युला खर्ची पडल्या. बारानं भागलं की महिन्याला १५०. पण त्या वर्षातले तीन महिने स्टोअरमध्ये कॅन्युलाच नव्हत्या आणि नातेवाइकांनी बाहेरून विकत आणल्या. म्हणजे १,८०० हा नऊ महिन्यांचा खर्च. महिन्याची खरी गरज २००, वर्षाची २,४००. कागदावर मात्र 'गेल्या वर्षीचा खर्च १,८००' हाच आकडा पुढे जातो आणि तेवढ्याच मंजूर होतात. पुढच्या वर्षी डबा पुन्हा नवव्या महिन्यात रिकामा. तुटवड्याची नोंद न ठेवणारी वही तुटवडा पुढच्या वर्षाला वारसाहक्कानं देते.

म्हणून आमच्या सिस्टरनी वहीत एक रकाना वाढवला: 'नव्हतं ते दिवस'. कोणती वस्तू किती दिवस नव्हती आणि त्या काळात किती रुग्णांना बाहेरून आणावी लागली. पुढच्या मागणीपत्राला हा रकाना जोडला, तेव्हा स्टोअरशी होणारा वाद प्रथमच आवाजाऐवजी आकड्यांवर झाला. आणि एक लक्षात आलं. पुढच्या आर्थिक वर्षाच्या मागण्या साधारण पावसाळा सरताना, दिवाळीच्या आगेमागे गोळा होऊ लागतात. नेमक्या त्याच वेळी वॉर्ड डेंगी-मलेरियानं भरलेला असतो, मान वर करायला फुरसत नसते. मग गेल्या वर्षीचाच कागद नक्कल करून पाठवला जातो. हिशेब जुलैतच करून ठेवला तर हे टळतं.

सगळ्याच वस्तूंवर सारखं लक्ष ठेवणं शक्य नसतं आणि गरजेचंही नसतं. भांडारशास्त्रात यासाठी दोन सोप्या चाळण्या आहेत. पहिली पैशाची. साधारण दहा टक्के वस्तू सत्तर टक्के पैसा खातात, त्यांचा हिशेब दर आठवड्याला. दुसरी प्राणांची: जिच्याशिवाय जीव जाईल ती, जिच्याशिवाय उपचार अडेल ती, आणि नसली तरी भागेल ती. ॲड्रिनलिनची कुपी पैशांच्या यादीत तळाला असते, प्राणांच्या यादीत सर्वांत वर. ती संपणं म्हणजे काटकसर नव्हे. आणि ज्याची मुदत आधी संपते ते आधी वापरायचं, हा नियम तर आपल्या स्वयंपाकघरातलाच आहे.

ड्यूटी की तुटवडा?

वस्तूंपेक्षाही अवघड वाटप माणसांचं. 'मलाच का गणपतीत नाइट?' हा प्रश्न प्रत्येक वॉर्डात दरवर्षी उठतो. एक साधं गणित करू. प्रत्येक पाळीत एक परिचारिका हवी असेल तर आठवड्याच्या पाळ्या होतात २१. एक जण साप्ताहिक सुट्टी वगळून सहा पाळ्या करते. म्हणजे साडेतीन माणसं. भारतीय परिचर्या परिषदेनं रजेसाठी ३० टक्के जादा संख्या धरायला सांगितली आहे. ती धरली की साडेचार. प्रत्येक पाळीत दोघी हव्या तर नऊ. आमच्या वॉर्डात तेव्हा सहा जणी होत्या. त्यांतली एक बाळंतपणाच्या रजेवर. त्याच परिषदेचा निकष सर्वसाधारण वॉर्डासाठी अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका आणि इतर रुग्णालयांत पाचांमागे एक असा आहे. आमच्याकडे रात्री साठ रुग्णांमागे एक असे. तेव्हा इन्चार्ज सिस्टर ड्यूटी वाटत नव्हत्या, तुटवडा वाटत होत्या. राग मात्र त्यांच्यावर निघायचा.

हा प्रश्न फक्त परिचारिकांच्या थकव्याचा नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. एका परिचारिकेवर सरासरी एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या ३० दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली त्यात आढळली. २०१४ साली युरोपातल्या नऊ देशांच्या अभ्यासातही जवळजवळ तोच आकडा आला. म्हणजे रिक्त पद ही कागदावरची मोकळी चौकट नसते. तिची किंमत कुठल्या तरी खाटेवर कोणी तरी मोजत असतं.

पदं भरणं सिस्टरच्या हातात नाही. वाटप न्याय्य आहे हे दिसू देणं हातात आहे. आमच्याकडे ठरलं: सुट्टीच्या विनंत्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत एकाच वहीत, सर्वांना दिसतील अशा. गेल्या वर्षी गणपती, दिवाळी, ईद, नाताळ कोणी ड्यूटीत काढले याचा तक्ता भिंतीवर. अदलाबदल आपसात करा, पण दोघींच्या सह्यांनी. कुरकुर संपली नाही. 'सिस्टर आपल्या माणसांना सांभाळतात' हे वाक्य मात्र ऐकू येईनासं झालं.

चहा थंड होईपर्यंत

भांडण मिटवण्याची त्या सिस्टरांची रीत मी पुढे अनेकांना सांगितली आहे. रुग्णासमोर वाद झाला तर त्या एकच वाक्य बोलत: "आधी पेशंट, मग आपण." वाद तिथंच थांबे, पण विसरला जात नसे. त्याच दिवशी दोघांनाही वेगवेगळं बोलावून त्या ऐकून घेत, मध्ये न बोलता. मग दोघांना समोरासमोर बसवून विचारत, "नक्की काय कमी पडलं?" कोण चुकलं हा प्रश्न शेवटी. बहुतेकदा तिथवर जायची गरजच पडत नसे. त्यांचा चहा तोवर थंड झालेला असे.

शेजारच्या सिस्टरांशी आमचा समेट याच रीतीनं झाला. उसनवारीची एकच सामाईक वही, दर शनिवारी फेड. प्रत्येक मजल्यावर अत्यावश्यक वस्तूंची एक सीलबंद पेटी. कोणीही उघडावी, पण त्याच पाळीत नोंद करून भरून ठेवावी. आणि महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक वॉर्डानं आपल्याकडे काय जास्त आहे ते सांगायचं. पहिले दोन महिने कोणी काही सांगितलं नाही. तिसऱ्या महिन्यात आमच्या सिस्टरनी आधी आपलं कपाट उघडं केलं, मग बाकीच्यांनी.

मात्र सगळं चहावर मिटवायचं नसतं. चुकीचं औषध दिलं गेलं तर त्याची नोंद झालीच पाहिजे. लैंगिक छळाची तक्रार असेल तर ती २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडेच जायला हवी. 'जाऊ द्या ना' म्हणणं हा समेट नव्हे. नातेवाइकांनी हात उगारला तर महाराष्ट्रात २०१० पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे आणि त्याचं संरक्षण परिचारिकांनाही आहे. तडजोड तुटवड्याची करायची, अन्यायाची नाही.

तुमच्या हातातली चिठ्ठी

वाचकाचा यात संबंध काय? 'हे बाहेरून आणा' अशी चिठ्ठी हातात पडली की आपल्याला समोरच्या सिस्टरचा राग येतो. ती चिठ्ठी म्हणजे कुठं तरी चुकलेल्या हिशेबाचं शेवटचं टोक असतं, आणि ते देण्याचं काम तिच्या वाट्याला आलेलं असतं. तिच्यावर ओरडण्याऐवजी दोन गोष्टी करता येतात. ती वस्तू स्टोअरमध्ये नसल्याची नोंद करायला सांगा. तीच नोंद पुढच्या वर्षीच्या मागणीला बळ देते. आणि आपल्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर कोण आहे ते शोधा. अशा समित्यांत लोकप्रतिनिधी आणि नागरिकही असतात. कोणत्या वस्तू किती दिवस नव्हत्या आणि परिचारिकांची किती पदं रिकामी आहेत, हे दोन प्रश्न तिथं विचारता येतात.

आणि प्रशासनाला माझी विनंती आहे. वॉर्डाची मागणी ठरवताना इन्चार्ज सिस्टरला फक्त कागद भरायला लावू नका, बैठकीत खुर्ची द्या. नव्या परिसेविकेला चाव्यांबरोबर आठवडाभराचं प्रशिक्षण द्या: वही कशी वाचायची आणि माणसांचं कसं ऐकायचं.

आमच्या त्या सिस्टर निवृत्त झाल्या, त्या दिवशी मी त्यांना त्या सकाळबद्दल सॉरी म्हणालो. वॉर्डात, सगळ्यांदेखत सुनावलं होतं म्हणून सगळ्यांदेखतच. त्या हसून म्हणाल्या, "सर, त्यानंतर तुम्ही इंडेंट वाचून सही करायला लागलात. मला तेवढं पुरे होतं."