चर्ट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चर्ट हा अतिसूक्ष्म क्वार्ट्‌झ कणांचा, सिलिकेने गच्च भरलेला गाळाचा खडक. मात्र अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरच्या शिवारात सापडणारा प्रत्येक कठीण, गुळगुळीत खडा चर्ट नसतो. हा मुलूख बेसाल्टचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या. पुढे झिरपत्या पाण्यातली सिलिका त्यांत साचली आणि कॅल्सेडोनी, अकीक, स्फटिकी गारगोटी तयार झाली. बेसाल्ट झिजून माती होतो, हे खडे मागे उरतात. घटक तोच, घडण वेगळी.

चर्ट घडतो तो समुद्रतळाशी रेडिओलेरिया, डायटम, स्पंज यांचे सिलिकामय अवशेष साचून, किंवा चुनखडकाची जागा सिलिकेने घेतल्याने. लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या जुन्या तळ्यांच्या गाळातही तो सापडतो. वर्धा जिल्ह्यातल्या नवरगावच्या अशा चर्टमध्ये वनस्पतींचे जीवाश्म जपले गेले आहेत. म्हणून खडा कुठल्या थरातून आला, हे कळल्याशिवाय निदान पक्के होत नाही.

रंगावर तर मुळीच विसंबू नये. लोहाच्या ऑक्साइडने चर्ट तांबडा होतो, सेंद्रिय द्रव्याने काळा. वर पांढुरकी साय धरलेला चर्ट काळ्या मातीतल्या चुनखडीसारखा दिसतो. पण चुनखडीवर सौम्य आम्लाचा थेंब टाकला की फसफस होते, शुद्ध चर्टवर काहीच होत नाही. चाकूचे पाते घासले तर ओरखडा पडत नाही, उलट पोलादाचीच करडी रेघ दगडावर उमटते. चकमकीची ठिणगीही दगडाची नव्हे. खरवडून निघालेला पोलादाचा कण हवेत पेटतो.

चर्ट शिंपल्यासारख्या वक्र पृष्ठांनी फुटतो, कडा धारदार येते. प्रवरेकाठच्या नेवाशाला ह. धी. सांकलिया यांच्या पथकाने १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. त्या परिसरातल्या अश्मयुगीन माणसाने चर्ट, जास्पर, कॅल्सेडोनी हत्यारांसाठी वापरली होती. तरी प्रत्येक धारदार कपची हत्यार नव्हे. नांगराच्या फाळानेही दगड फुटतो. आघाताच्या जागेखालचा फुगवटा आणि कडेने ओळीने काढलेले बारीक टवके पाहावे लागतात.

कठीण म्हणून चर्ट काँक्रीटला उत्तम, ही समजूत महागात पडू शकते. काही चर्टमधली सिलिका सिमेंटमधल्या अल्कलीशी संयोग पावते, तयार झालेला जेल पाणी शोषून फुगतो आणि काँक्रीट तडकते. थॉमस स्टँटन यांनी १९४० साली कॅलिफोर्नियातल्या बांधकामांवरून हे दाखवले. अशी खडी वापरण्याआधी प्रयोगशाळेत तपासून घेतात.