एकटीचा पहिला नंबर

स्कूटर सिग्नलला थांबते तेव्हाच भाचीची कविता मला ऐकू येते. एरवी गाडीच्या घरघरीत ती नुसती पोटाला जाणवते. दादाच्या आणि माझ्या मधे ती दाटीवाटीनं बसली आहे, पाठ माझ्या पोटाला टेकवून, आणि सारखी पुटपुटते आहे. दोन घट्ट वेण्या, वर दुमडून बांधलेल्या रिबिनी, त्यातली एक आत्ताच सैल झालेली. ऑगस्टचा शेवट, शनिवार, अर्धी शाळा. आभाळ भरलेलं आहे, पण पडत नाही.

"आत्ती, तू पुढं बसणार का मागं?"

"जिथं जागा मिळंल तिथं."

"पुढं नको बसू. मला हसू येतं."

बंगळूरच्या या चामराजपेटेत रस्ते नावापेक्षा आकड्यानं ओळखायचे. फर्स्ट मेन, सेकंड मेन, असे पाच, आणि त्यांना काटकोनात छेदणारे क्रॉस. जुन्या पेठेच्या दाटीबाहेर १८९२ साली पट्टी लावून आखलेली ही वस्ती, म्हैसूरच्या चामराजेंद्र वडेयरांच्या नावाची. पट्टीचं आखणं अजून दिसतं, पण त्यावर आता फुलवाल्या, टेंपो, इडलीच्या वाफा आणि शाळेच्या रिक्षा इतक्या चढल्यात की सरळ रेघ डोक्यातच धरावी लागते. दादाला ती पाठ आहे. तो वीस वर्षं इथं आहे. हँडलवरच्या त्याच्या हातांकडे माझं लक्ष जातं: नखांच्या कडा पिवळ्या, बोटांची टोकं पिवळी. तेजाबाचा डाग. साबणानं जात नाही, कातडी बदलेल तेव्हाच जातो.

दादाची गलाई नगरथपेटेत आहे. सोनारांच्या दुकानातली झाडलोट, मोडके दागिने, कानशीनं पडलेला भुगा, सगळं मुशीत वितळवायचं, तेजाबात घालायचं आणि त्यातून निखळ सोनं वेगळं काढायचं. आमच्या खानापूर-आटपाडीकडच्या दुष्काळानं घराघरातून माणसं या कामाला बाहेर काढली. देशातल्या कुठल्याही सराफकट्ट्यावर जा, मागच्या बोळात विट्याकडचं कुणीतरी धुरात बसलेलं सापडतं. त्यांची पोरं मग त्या त्या गावच्या शाळेत जातात. हिची शाळा सिस्टरांची.

फाटकाशी दादा आम्हाला उतरवतो, पण आत येत नाही. "भट्टी पेटवायचीय," म्हणतो. काल रात्रीचं त्याच्या मनात अजून आहे, हे मला ठाऊक आहे.

काल रात्री जेवताना झालं ते असं. कर्नाटकात शिक्षण खात्याच्या वतीनं शाळांच्या स्पर्धा होतात, त्यांना 'प्रतिभा कारंजी' म्हणतात. विट्याहून आईनं फोनवर हे ऐकलं आणि विचारलं, "करंजी? कुणाच्या हातची?" कन्नडमधली कारंजी म्हणजे आपलं कारंजं, हे तिला समजावेपर्यंत भाजी गार झाली. या स्पर्धांत कंठपाठ असतो, म्हणजे पाठांतर, आणि तो नुसता कन्नड-इंग्रजीचा नाही. उर्दू, तमिळ, तेलुगू, तुळू, कोंकणी आणि मराठीचाही. भाची मराठीत उतरली आणि क्लस्टर पातळीवर पहिली आली. आता ब्लॉकला जायचं. सगळं छान. मग वहिनीनं भाकरी मोडता मोडता सांगून टाकलं की मराठीला नाव दिलेली ती एकटीच होती.

"एकटंच पळालं की पयलंच येणार," दादा म्हणाला. हसून म्हणाला, पण म्हणाला.

"एकटी पळाली," वहिनी म्हणाली, "पर पळाली तर!" आणि उरलेली भाकरी तिनं त्याच्या ताटात जरा जोरानंच टाकली.

भाची तेव्हा झोपली होती. निदान डोळे मिटून होती.

फाटकातून आत आलं की डाव्या हाताला दगडांची केलेली गुहा आहे, लूर्दच्या गुहेसारखी, आणि तिच्यात निळ्या पट्ट्याची मरिया माता. पायाशी सकाळीच फुलं पडलेली: शेवंती, झेंडू, कुणाच्या तरी कुंडीतलं एकच जास्वंद. भाची चप्पल न काढता हात जोडते, मग आठवून जीभ चावते आणि क्रूस करणाऱ्या मैत्रिणीची वाट बघत उभी राहते. ती दुसरी हात कपाळाला, छातीला, खांद्यांना लावते. ही नमस्कार करते. आणि दोघी एकदमच पळत सुटतात. मागं राहते मी, दप्तरासकट.

पटांगणात रांगा लागल्या आहेत. पालकांसाठी एका बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्च्या. आयाबाई मला खुणेनं बसवते. शेजारी काळ्या बुरख्यातली एक बाई आहे, मांडीवर लहानगं. प्रार्थना होते, कुवेंपूंचं नाडगीत, म्हणजे इथलं राज्यगीत, होतं. नाडगीताला पहिलीतली पोरं सूर सोडतात, पण छाती सोडत नाहीत.

मग पांढऱ्या झग्यातल्या सिस्टर माईकपाशी येतात. मंगळूरकडच्या, साठीच्या आसपास, चष्मा दोरीला बांधलेला. माईक आधी शिटी मारतो. सिस्टर त्याच्याकडे वर्गातल्या खोडकर पोराकडे बघावं तसं बघतात. तो गप्प होतो.

"मक्कळे, सुम्मनिरि."

मुलंही गप्प होतात, साधारण पाच सेकंद.

पुढच्या दिवसांचा कार्यक्रम आधी. सिस्टर कागदावरून वाचतात आणि मला एवढंच लक्षात येतं की कुठल्या तारखेला किती आवाज होतो त्यावरून कन्नड न येणाऱ्यालाही सगळं समजावं. ५ सप्टेंबर, शिक्षक दिन: मोठ्या मुली मिस होणार, म्हणून सातवीच्या रांगेत खुसखुस. १ नोव्हेंबर, राज्योत्सव: पिवळ्या-लाल झेंड्याचा दिवस, सगळ्यांनी गाणं बसवायचं, मध्यम आवाज. १४ नोव्हेंबर, मुलांचा दिवस: मोठा आवाज, पण त्याहून मोठा दसऱ्याच्या सुट्टीला. 'रजे' हा शब्द सिस्टरांच्या तोंडातून पुरता बाहेरही पडत नाही तोच पटांगण उकळतं. सिस्टर चष्मा काढून थांबतात. त्यांनी ही उकळी किती वर्षं पाहिली असेल कोण जाणे.

८ सप्टेंबरला मात्र त्या स्वतः रेंगाळतात. मरियेचा जन्मदिवस. शिवाजीनगरच्या सेंट मेरीज बॅसिलिकात २९ ऑगस्टला झेंडा चढणार, नऊ दिवस नोव्हेना, आणि आठ तारखेला रथ. तिथं लोक भगव्या कपड्यांत येतात, अनवाणी येतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी बराच वेळ पंढरीच्या वाटेवरचीच माणसं शोधत होते. शाळेतल्या मुलींनी रोज एक एक फूल आणायचं, असं सिस्टर सांगतात. विकत नको, घरचं आणा. ज्यांच्या घरी कुंडी नाही त्यांनी? एक हात वर होतो. सिस्टर विचार करतात. "मग पान आणा," म्हणतात.

आता बक्षिसं. कन्नडमध्ये बक्षिसाला 'बहुमान' म्हणतात, त्यामुळे स्टीलच्या ताटल्यांची ती चळत माझ्या मराठी कानांना एकदम भारदस्त वाटू लागते.

छद्मवेषातली पहिली येते: ओनके ओबव्वा. चित्रदुर्गाच्या तटाच्या भगदाडातून शिरणाऱ्या हैदर अलीच्या शिपायांना मुसळानं एकेक करून लोळवणारी. ही ओबव्वा दुसरीतली आहे. कासोटा उत्तम, डोळ्यांत अंगार, पण पुठ्ठ्याचं मुसळ मधेच वाकलंय. ती ताटली घेताना मुसळ काखेत मारते आणि ते पूर्णच मोडतं. सगळे हसतात. ती हसत नाही. मोडलेला तुकडा उचलून तो ताटलीत ठेवते आणि उतरते.

मग धार्मिक पठण. या विभागात संस्कृत आणि अरबी असं दोन्ही असतं, आणि सिस्टरांच्या शाळेनं दोन्हीत बहुमान आणलाय. पांढरा रुमाल बांधलेली एक आणि कपाळावर गंधाची उभी रेघ असलेली एक, अशा दोघी पायरीवर एकदम येतात, कारण सिस्टरांनी नावं एका दमात घेतली. आधी कुणी जायचं यावर दोघींची ढकलाढकली. शेजारच्या बुरख्यातल्या बाई माझा दंडच धरतात. "वो मेरी," म्हणतात. मग थोड्या वेळानं, "तुम्हारी कायमें है?"

"मराठीमें."

"अच्छा!" त्यांना ते खरंच अच्छा वाटतं. या भागाच्या दखनीत 'काय' आहे, 'नक्को' आहे. आपले शब्द कधीकाळी तिकडे गेले ते परत आलेच नाहीत.

आणि सिस्टर भाचीचं नाव घेतात. मराठी कंठपाठ, प्रथम बहुमान. एकटीच होती हे त्या सांगत नाहीत. लपवतायत असं वाटत नाही; त्यांच्या लेखी ती मोजण्यासारखी गोष्टच नसावी. उलट त्या माईकवर सांगतात की आज ही मुलगी म्हणून दाखवणार आहे, कारण आपल्या शाळेत मराठी कुणी ऐकलेलं नाही.

भाची वर जाते. सैल रिबीन आता पूर्ण सुटलेली.

कविता आमच्या आईची. म्हणजे आईच्याही आईची, जात्यावरची असावी; चिमणी, तिचं घरटं, पावसाची झड. विट्याहून आईनं फोनवर म्हटली, इकडे वहिनीनं ऐकली, वहिनीनं कन्नड मिसला सांगितली आणि मिसनं ती कन्नड लिपीत उतरवून दिली. कारण भाचीला देवनागरी वाचता येत नाही. शाळेत हिंदी अजून सुरू व्हायचंय, आणि घरी दादा-वहिनीला शिकवायला वेळ कधी मिळाला नाही. तो कागद मी काल पाहिला. गोल गोल कन्नड अक्षरांत माझ्या आजीची ओवी. आणि काही अक्षरांखाली लाल पेन्सिलीचे ठिपके. ते कशाला, म्हणून विचारलं तर वहिनी लाजली. 'चिमणी'तला च आणि 'चोच'मधला च वेगळा, आपल्याला बोलताना कळतो, पण कागदावर कन्नडात एकच. पोर सारखी 'चोच' चिमणीच्या च-नं म्हणायची. म्हणून वहिनीनं जिथं जीभ दातांशी न्यायची तिथं तिथं ठिपका दिला. (देवनागरीत तरी कुठं वेगळा आहे? आपण जन्मभर अंदाजानंच वाचतो. वहिनी बारावीपर्यंत शिकली आहे, आणि ही खूण तिची तिनंच शोधली.)

पहिली दोन कडवी भाची धाडधाड म्हणते. ठिपके जागच्या जागी पडतायत. पटांगणाला एक अक्षर कळत नसणार, पण जात्याची लय कळायला भाषा लागत नाही. मागच्या रांगेतली काही डोकी डुलायला लागली आहेत. तिसऱ्या कडव्याला ती माझ्याकडे बघते.

चुकलंच. मी पुढं बसले आहे.

तिचं तोंड उघडं राहतं. शब्द नाही. माईकमधून फक्त तिचा श्वास. पटांगणावर इतकी शांतता येते की रस्त्यावरचा फुलवाला ऐकू येतो. मला पुढचा शब्द माहीत आहे, पण ओरडून सांगावा तर सगळं गेलं. "डर नक्को," शेजारच्या बाई स्वतःशीच म्हणतात. आणि तेवढ्यात मला दिसतं की सिस्टरांचे ओठ हलतायत. आवाज नाही, नुसते ओठ. घरी कोंकणी बोलणाऱ्या या बाईनं तालमी ऐकून ऐकून पूर्ण ओवी पाठ केलेली आहे. भाची त्यांच्या तोंडाकडे बघते, शब्द उचलते आणि शेवटपर्यंत जाते.

"चप्पाळे!" सिस्टर म्हणतात. टाळ्या होतात. सुट्टीच्या घोषणेएवढ्या नाहीत, पण ओबव्वाएवढ्या नक्की. भाची ताटली डोक्यावर धरून उतरते. ती सरळ माझ्याकडे येत नाही, आधी मैत्रिणींच्या रांगेत जाते. ताटलीत सगळ्याजणी आपापलं तोंड बघून घेतात.

साडेअकराला शाळा सुटते. मी सिस्टरांना भेटायला व्हरांड्यात जाते. त्यांची कोंकणी आणि माझं मराठी अर्ध्या वाटेवर भेटतात, उरलेलं हिंदीवर निभावतं. ब्लॉकच्या फेरीसाठी आणखी एक कविता हवी, लांब, असं त्या सांगतात. पालकांनी फार साथ दिली म्हणतात. मी दादाची नखं आठवते आणि मान डोलावते. "देव बोरें करूं," त्या म्हणतात.

व्हरांड्यातल्या फळ्यावर मानकऱ्यांची यादी आहे, वर कन्नडात, खाली इंग्रजीत. तळाशी एक ओळ रिकामी. सिस्टर माझ्या हातात खडू देतात. ज्या भाषेत मिळवलं त्या भाषेतही असू दे, असं त्यांचं म्हणणं. कन्नड साहित्य परिषद इथून चालत जाण्याच्या अंतरावर, १९१५पासूनची, मुलांसाठी आर. कल्याणम्मांनी १९३८ साली काढलेलं मक्कळ कूटही याच पेठेत. इतक्या सगळ्या कन्नडच्या कुशीत मी बऱ्याच वर्षांनी फळ्यावर लिहिते आहे आणि माझं अक्षर चढणीला लागलंय.

मराठी कंठपाठ, प्रथम. मग तिचं नाव. मग इयत्ता चौथी.

भाची शेजारी येऊन उभी राहते. मान इकडून वाकडी करून बघते, तिकडून बघते.

"आत्ती, ह्यात माझं नाव कुठलं?"

मी बोट ठेवते. ती आपल्या नावाच्या अक्षरांवरून बोट फिरवते, कन्नडातल्या नावाशी लांबी जुळते का ते बघते. जुळत नाही. "एवढंच?" म्हणते.

"एवढंच."

"आणि हे?"

"इयत्ता चौथी."

"चौथी," ती म्हणते. परत म्हणते, जीभ दातांशी नेऊन. "ह्यातला च कुठला?"

मी दाखवते. ती खालच्या कडेवरचा लाल खडू उचलते, टाचा उंचावते आणि त्या अक्षराखाली एक ठिपका देते, जरा जास्तच दाबून, की खडू मोडतो.

"आता कुणालाबी वाचता यील," म्हणते, आणि ताटली काखेत मारून फाटकाकडे पळते. तिथं दादा स्कूटर बंद करून उभा आहे. सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी आलाय.