डोंगरातील मुक्काम

सुटीचे चार दिवस डोंगरात घालवावयाचे ठरले, की शहरातील कुटुंबात प्रथम पाहावयाच्या स्थळांची यादी होते. यादी करणे सोपे असते; परंतु डोंगर त्या यादीप्रमाणे वागत नाही. तेथील ऋतू, वाटा आणि पाणी यांचे नियम निराळे असतात. ते आधी जाणून घेऊन त्यांच्याशी आपला बेत जुळविणे, यालाच खरी आखणी म्हणतात.

कळसूबाईचे उदाहरण घेऊ. नाशिक आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या सीमेवरील हे शिखर १६४६ मीटर उंच असून महाराष्ट्रात सर्वांत उंच आहे. त्याच्या पायथ्याशी बारी हे गाव वसलेले आहे. मुंबईहून आगगाडीने इगतपुरीस उतरावे आणि घोटीमार्गे मोटारीने बारी गाठावी. या परिसरातील काही घरांत प्रवाशांच्या राहण्याजेवणाची सोय होते.

पहिला विचार ऋतूचा. जून ते सप्टेंबर या काळात येथे धो धो पाऊस कोसळतो. ढग खाली उतरले म्हणजे दहा पावलांवरची वाट दिसत नाही. कातळ निसरडे होतात आणि सकाळी सहज ओलांडलेला ओढा सायंकाळी अडवून धरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ नवख्यांना अधिक सोयीचा. मात्र प्रत्येक हजार मीटर उंचीला तपमान साधारणपणे सहा अंशांनी उतरते. म्हणून दुपारी ऊन असले तरी सामानात गरम कपडे हवेतच.

दुसरा विचार यजमानांचा. डोंगरातील घर म्हणजे खाणावळ नव्हे. माणसे किती येणार, हे आधी कळविले तरच तांदूळ, नागलीचे पीठ, सरपण यांची बेगमी करता येते. पाण्याचा प्रश्न तर याहून नाजूक असतो. पावसाळ्यात उदंड पडलेले पाणी सह्याद्रीच्या काळ्या कातळावरून भरभर वाहून जाते. जवळच भंडारदऱ्याला प्रवरा नदीवर १९२६ मध्ये पूर्ण झालेले मोठे धरण आहे. तरीही या डोंगराळ भागातील अनेक वाड्यांमध्ये उन्हाळ्यात बायकांना डोक्यावर हंडे घेऊन दूरवरून पाणी आणावे लागते. अशा घरी पाहुण्याने सांडलेली बादली ही कोणाची तरी एक खेप असते.

तिसरा विचार वेळेचा. बारीहून शिखरावर जाण्यास सुमारे साडेतीन तास आणि उतरण्यास सुमारे तीन तास धरावेत. वाटेत काही ठिकाणी कातळ इतका उभा आहे, की तेथे लोखंडी शिड्या बसविल्या आहेत. काळोखात त्या उतरणे धोक्याचे असते. म्हणून दिवसाचा हिशेब पहाटेपासून न मांडता सूर्यास्तापासून उलटा मांडावा. डिसेंबरात सायंकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. उतरण्याचे तीन तास आणि अडचणीसाठी राखून ठेवलेला एक तास वजा केला, म्हणजे दुपारचे दोन वाजतात. दोन वाजता शिखर शंभर पावलांवर असले, तरी मागे फिरावयाचे, हे निघण्यापूर्वीच ठरलेले असावे. शिखर समोर दिसू लागले म्हणजे मन हिशेब ऐकत नाही.

निघताना कोणत्या वाटेने जाणार आणि केव्हा परतणार, हे यजमानांना सांगून ठेवावे. पाहुणे वेळेवर परतले नाहीत, तर दिवसभर शेतात राबलेली गावातील माणसेच विजेऱ्या घेऊन रात्री त्यांच्या शोधात डोंगर चढू लागतात. म्हणून परतीची वेळ हा केवळ प्रवाशाचा हिशेब नसतो. चुलीवर भाकरी टाकून वाट पाहणाऱ्या घराला दिलेले ते वचन असते.