चार टेबलें कीं चौपट रक्कम?

अंधेरी-बोरिवलीच्या लोकलमध्यें पत्त्यांचे अड्डे जुनेच आहेत. मांडीवरील पेटीवर एकच डाव चालतो आणि स्थानक आलें कीं मोडतो. इंटरनेटवरील पोकरनें मात्र उपनगरांतील तरुणापुढें नवाच प्रश्न ठेवला. तेथें एकाच वेळीं चार टेबलांवर बसतां येई. मग मिळकत वाढविण्यास टेबलें वाढवावींत, कीं एकाच टेबलावर पणाची रक्कम चौपट करावी? प्रश्न जुगाऱ्याचा दिसला तरी तो गणिताचा आहे, आणि घरांतील वडीलधाऱ्यांनींही समजून घेण्याजोगा आहे.

पोकरमध्यें खेळाडू परस्परांचेच पैसे जिंकतात; कंपनी त्यांतून आपला वाटा काढून घेई. अर्थात् टेबलाभोंवतीची सारी मंडळी मिळून तोट्यांतच असत.

एखादा कुशल खेळाडू शंभर डावांमागें सरासरी ५० रुपये मिळवितो असें धरूं. पत्ते लहरी असल्यामुळें ही रक्कम ८०० रुपयांनीं इकडे वा तिकडे सहज झुकते. चार टेबलांवर तितक्याच वेळांत ४०० डाव होतात व सरासरी २०० रुपयांवर जाते. चढउतार मात्र चौपट न होतां चाराच्या वर्गमूळाइतका, म्हणजे दुप्पट, १६०० रुपयांचा होतो. कारण एका टेबलावरील वाईट पत्त्यांना दुसऱ्यावरील चांगले पत्ते सांभाळून घेतात. एकाच टेबलावर रक्कम चौपट केली तर सरासरी तीच २००, पण चढउतार ३२०० चा. याकोब बेर्नुलीच्या १७१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत या विचाराचा पाया आहे.

तेव्हां टेबलें वाढविणेंच शहाणपणाचें वाटेल. परंतु लक्ष चार ठिकाणीं विभागलें कीं प्रतिपक्षाच्या संवयी टिपतां येत नाहींत. ५० चे २० झाले तर चार टेबलांवर मिळून ८० च उरतात. मोठ्या रकमेच्या टेबलावर गांठ पडते ती अधिक तरबेज मंडळींशीं.

खरी मेख पुढेंच आहे. शंभर डावांमागें ५० रुपये गमाविणारा खेळाडू घ्यावा. कंपनीचा वाटा वजा जातां बहुतेक याच पंक्तींत बसत. शंभर डावांपुरतें पाहिलें तर हाही जवळजवळ निम्म्या वेळां नफ्यांत उठतो. कांदिवलीच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत मुलगा ‘आज जिंकलों’ म्हणे, तेव्हां तो खोटें बोलत नसे! पण ४०,००० डावांनंतर सरासरी तोटा २०,००० होतो व चढउतार १६,००० च. दहांपैकीं नऊ वेळां असा खेळाडू बुडालेलाच असतो. तासाला ७० डाव व रोज रात्रीं दोन तास धरले, तर एका टेबलावर या मुक्कामास सुमारें साडेनऊ महिने लागतात. चार टेबलांवर अडीच महिन्यांच्या आंतच तो गांठला जातो. म्हणजे कुशलाचा नफा जी युक्ति पक्का करते, तीच अकुशलाचा तोटाही पक्का करते.

दुसरी वाट महाभारतांतील सभापर्वानें दाखविलीच आहे. धर्मराजानें टेबलें वाढविलीं नाहींत, पण वाढविला. धनानंतर राज्य, राज्यानंतर भाऊ.

रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचें सर्वोच्च न्यायालयानें १९६८ सालीं म्हटलें होतें, आणि कौशल्य व दैव यांतील त्या भेदाचा आधार पोकरच्या कंपन्याही घेत. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें संमत केलेल्या कायद्यानें इंटरनेटवरील पैशाच्या खेळांपुरता हा भेद काढून टाकला. त्यानंतर देशांतील मोठ्या कंपन्यांनीं पैसे लावून खेळावयाचीं आपलीं टेबलें बंद केलीं.